लेबलवरचा आकडा कुणी मोजला? चिक्कीच्या पाकिटावरून एक धडा

आमच्या खालापूर तालुक्यातल्या एका बचत गटासाठी मी दोन वर्षांपूर्वी पोषणतक्ता तयार करून दिला होता. गट शेंगदाण्याची चिक्की करतो. एक्सप्रेसवेवरून उतरणारे लोक घेतात, खोपोलीतली दोन-तीन दुकानं ठेवतात. त्यांतल्या एका दुकानदाराने सांगितलं, "मागे तक्ता नसेल तर माल ठेवता येणार नाही." काकूंनी मला हाक मारली. घरात पीएच.डी. करणारी मुलगी आहे, विषय अन्नरसायन आहे, मग तक्ता तिने नाही करायचा तर कुणी?

मी अर्ध्या तासात केला. काकूंना प्रमाण विचारलं. "तीन वाट्या दाण्याला दोन वाट्या गूळ धर," त्या म्हणाल्या. मी शेकडा ६० दाणे, शेकडा ४० गूळ असं लिहून घेतलं, पुस्तकातले आकडे घेतले, गुणाकार-बेरीज केली, तक्ता छापायला दिला. ऊर्जा ४९३ किलोकॅलरी. प्रथिनं १५.३ ग्रॅम. सगळं दशांशासकट.

मागच्या दिवाळीत काकूंनी सहज विचारलं, "अगं, एक काका दर आठवड्याला येतात. त्यांना शुगर आहे. लेबल वाचून, मोजून दोन तुकडे खातात. ते आकडे खरे आहेत ना?"

मी "हो" म्हणाले. आणि घरी येताना लक्षात आलं की मी त्या चिक्कीतलं काहीही, कधीही मोजलेलं नाही.

आजचा लेख त्या "हो"बद्दल आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, विषय अन्नाचा नसला तरी, हे वाचा. कारण "हा आकडा कुठून आला?" हा प्रश्न तुम्हाला पुढची पाच वर्षं रोज विचारायचा आहे.

तक्त्यात काय असतं

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, २०२० चे लेबलिंगचे नियम आहेत. त्यांनुसार पाकीटबंद पदार्थावर ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त आणि ट्रान्स स्निग्धांश, सोडियम ही माहिती १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमागे द्यावी लागते. शिवाय एका वाढपात दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो, तेही. ही दिवसाची गरज २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, ५० ग्रॅम वरची साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम अशी धरलेली आहे.

हे आकडे मिळवायचे दोन रस्ते. एक, पदार्थ प्रयोगशाळेत पाठवायचा. दोन, मी केलं तसं: कृतीतलं प्रमाण घ्यायचं, प्रत्येक घटकाचे आकडे संदर्भ-कोष्टकातून उचलायचे आणि गणित करायचं. दुसरा रस्ता खोटा नाही हं. जगभर वापरतात. पण पाकिटावर बघून कोणता रस्ता वापरलाय ते कळत नाही. दोन्हीकडे सारखेच ठसठशीत आकडे, सारखाच चौकोन.

म्हणून पहिली सवय: आकडा दिसला की विचारा, हा मोजलेला आहे की काढलेला?

एकच शेंगदाणा, दोन पुस्तकं

माझ्या तक्त्याला आधार होता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांचा. गोपालन आणि सहकाऱ्यांचं ते पुस्तक १९७१ सालचं, सुधारित आवृत्ती १९८९ ची. आपल्याकडच्या आहारशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर शिकल्या. त्याच संस्थेने २०१७ मध्ये नवी 'भारतीय अन्नघटक कोष्टकं' काढली. त्यासाठी देशाचे सहा विभाग करून नमुने गोळा केले आणि ५२८ पदार्थ तपासले.

आता दोन्हींत शेंगदाणा बघा. १०० ग्रॅममागे:

जुनं पुस्तक: प्रथिनं २५.३, स्निग्धांश ४०.१, कर्बोदकं २६.१, ऊर्जा ५६७ किलोकॅलरी.

नवं पुस्तक: प्रथिनं २३.६५, स्निग्धांश ३९.६३, कर्बोदकं १७.२७, ऊर्जा सुमारे ५२० किलोकॅलरी.

सत्तेचाळीस किलोकॅलरी गेल्या कुठे? शेंगदाणा काही बारीक झाला नाही. पेन घ्या आणि फरक वाटून बघा. प्रथिनांत १.६५ ग्रॅमचा फरक, गुणिले ४, म्हणजे साडेसहा. स्निग्धांशात ०.४७, गुणिले ९, म्हणजे चार. कर्बोदकांत ८.८३, गुणिले ४, म्हणजे पस्तीस. तीन चतुर्थांश फरक एकट्या कर्बोदकांचा आहे.

आणि कर्बोदकं हा तक्त्यातला सगळ्यात गंमतशीर आकडा आहे, कारण बहुतेक वेळा तो मोजतच नाहीत. पाणी मोजतात, प्रथिनं मोजतात, स्निग्धांश मोजतात, जाळून उरलेली राख मोजतात, तंतू मोजतात. मग या सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा करतात. उरलं ते कर्बोदक. जुन्या पुस्तकातला शेंगदाणा घ्या: पाणी ३.०, प्रथिनं २५.३, स्निग्धांश ४०.१, खनिजं २.४, तंतू ३.१. बेरीज ७३.९. शंभरातून वजा केली की २६.१. आला की नाही तोच आकडा?

जुन्या पद्धतीत तंतू म्हणजे 'क्रूड फायबर': आम्ल आणि अल्कलीत उकळून जे शिल्लक राहील ते. या उकळण्यात बराच खरा तंतू विरघळून निघून जातो. नव्या पुस्तकात 'आहारातील तंतू' वेगळ्या पद्धतीने मोजलेत आणि ते शेंगदाण्यात १० ग्रॅमच्या पुढे आहेत. म्हणजे पूर्वी जे सात-एक ग्रॅम 'कर्बोदक' म्हणून मोजलं जात होतं, ते आता 'तंतू' या नावाने दुसऱ्या खणात गेलं. पदार्थ तोच, व्याख्या बदलली, आकडा बदलला.

वजाबाकीने काढलेल्या आकड्याचा आणखी एक दुर्गुण लक्षात ठेवा. बाकी सगळ्या मोजमापांच्या चुका त्याच्यात येऊन साठतात. पाणी कमी मोजलं गेलं, कर्बोदक वाढलं. स्निग्धांश पूर्ण निघाला नाही, कर्बोदक वाढलं. घरात सगळ्यांची कामं निस्तरणारी एक व्यक्ती असते ना, तसं.

प्रथिनं मोजतात म्हणजे काय मोजतात

"प्रथिनं तरी मोजतात ना?" असं वाटेल. नाही. मोजतात नायट्रोजन. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने १८८३ मध्ये ही पद्धत काढली, आणि ती अजून चालू आहे. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो मोजायचा. मग नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनात साधारण शेकडा १६ नायट्रोजन असतो असं धरलंय.

पण प्रत्येक प्रथिनात तो सारखा नसतो. म्हणून शेंगदाण्यासाठी ५.४६, तांदळासाठी ५.९५, दुधासाठी ६.३८ असे वेगळे गुणक आहेत. समजा तुमच्या दाण्यात ४.०५ ग्रॅम नायट्रोजन सापडला. ६.२५ ने गुणलं तर प्रथिनं २५.३. ५.४६ ने गुणलं तर २२.१. उपकरण तेच, नमुना तोच, हातही तुमचाच. तीन ग्रॅमचा फरक फक्त गुणकाने पडला. शोधनिबंधात पद्धतीच्या भागात गुणक लिहिलेला नसेल, तर त्या प्रथिनाच्या आकड्यावर तुम्ही काहीही तोलू शकत नाही.

नायट्रोजन म्हणजे प्रथिन, या गृहीतकाचा गैरफायदाही घेतला गेलाय. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे पाणी घातलेलं दूधही प्रथिनांच्या चाचणीत उत्तीर्ण व्हायचं. लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, काही मुलं दगावली. चाचणीने आपलं काम चोख केलं होतं. तिने नायट्रोजनच मोजला होता.

कॅलरी: सगळ्यात मोठा, सगळ्यात सहनशील आकडा

ऊर्जेचा आकडा सहसा ४-४-९ च्या हिशोबाने काढतात: प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे ४, स्निग्धांश ९. हे गुणक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर यांनी माणसांवरच्या प्रयोगांतून बसवले. ते सरासरी आहेत. मिश्र आहाराला चांगले लागू पडतात, एकेका पदार्थाला कधीकधी नाही.

याचं सुंदर उदाहरण बदामाचं. २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी १८ जणांना मोजून आहार दिला आणि शरीराबाहेर काय पडतं तेही मोजलं. २८ ग्रॅम बदामात हिशोबाने १७० च्या आसपास किलोकॅलरी यायला हव्यात. शरीराला प्रत्यक्षात मिळाल्या १२९. बदामाच्या पेशींच्या भिंतींत अडकलेला बराच स्निग्धांश न पचताच बाहेर जातो. लेबल खोटं बोलत नव्हतं. ते 'पदार्थात काय आहे' सांगत होतं, आपण 'मला काय मिळणार' असं वाचत होतो.

आता परत काकूंच्या कढईकडे येऊ. इथे मला स्वतःची खरी चूक सापडली.

मी प्रमाण ६०:४० धरलं होतं. ते वाट्यांचं प्रमाण होतं, वजनाचं नव्हे! किसलेला गूळ वाटीत हलका भरला की एक वजन, दाबून भरला की दुसरं. शिवाय पाक पातळ वाटला तर काकू "थोडा गूळ टाक" म्हणतात. समजा एखाद्या घाण्यात प्रमाण ५०:५० झालं. जुन्या पुस्तकाच्याच आकड्यांनी (गूळ: ३८३ किलोकॅलरी, प्रथिनं ०.४, स्निग्धांश ०.१, कर्बोदकं ९५) १०० ग्रॅम चिक्कीचं गणित करू:

६०:४० असेल तर ऊर्जा ४९३, प्रथिनं १५.३, स्निग्धांश २४.१, कर्बोदकं ५३.७.

५०:५० असेल तर ऊर्जा ४७५, प्रथिनं १२.९, स्निग्धांश २०.१, कर्बोदकं ६०.६.

ऊर्जा बघा. ४९३ वरून ४७५. शेकडा चारसुद्धा फरक नाही. कुणीही म्हणेल, लेबल अचूक आहे. पण प्रथिनं शेकडा १६ ने घसरली. आणि गूळ? ४० चा ५० झाला, म्हणजे शेकडा २५ ने वाढला. गुळात शेकडा ८५ साखर धरली तर वरून घातलेली साखर ३४ ग्रॅमवरून ४२.५ ग्रॅमवर गेली.

हे असं का होतं? कारण ऊर्जा ही बेरीज आहे. एक घटक कमी झाला की दुसरा जागा भरून काढतो, आणि बेरजेत चूक दिसेनाशी होते. ज्या आकड्याकडे सगळे बघतात, तोच चूक झाकण्यात सगळ्यात पटाईत. त्या काकांना ऊर्जेशी देणंघेणं नव्हतं. त्यांना साखर मोजायची होती, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त हलत होती.

"साखर नाही, फक्त गूळ" असं मनाशी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच, सोबत थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी आणि खनिजं.

किती चूक चालते?

कायदाही आकडा तंतोतंत मागत नाही, कारण अन्न हे रसायनाच्या बाटलीसारखं एकसारखं नसतं. अमेरिकेत ऊर्जा, साखर, स्निग्धांश, सोडियम यांचं प्रत्यक्ष प्रमाण लेबलपेक्षा शेकडा २० पर्यंत जास्त निघालं तरी चालतं. नैसर्गिकरीत्या असलेली प्रथिनं, तंतू वगैरे लेबलच्या किमान शेकडा ८० भरावे लागतात. म्हणजे सूट दिशा बघून दिलेली आहे: नको ते फार वाढू नये, हवं ते फार घटू नये. युरोपीय संघाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणानुसार पायऱ्या आहेत. साखर १०० ग्रॅममागे १० ते ४० ग्रॅम असेल तर अधिक-उणे शेकडा २०, त्याखाली सरळ २ ग्रॅम, वर ८ ग्रॅम.

माझ्या तक्त्यावर साखर ३४ असती, तर दोन्हीकडच्या नियमांनी वरची हद्द ४०.८ येते. ५०:५० चा घाणा ४२.५ वर. नापास. आणि त्याच पाकिटावरची ऊर्जा आरामात पास. "लेबल अचूक आहे का?" या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर नसतं. कोणता घटक, कोणत्या दिशेला, किती सूट धरून, हे विचारल्याशिवाय तो संशोधनप्रश्न होत नाही.

सरासरी बरोबर, पाकीट चूक

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये ४२ उपाहारगृहांतले २६९ पदार्थ प्रत्यक्ष मोजले. सरासरी बघितली तर जाहीर ऊर्जा आणि मोजलेली ऊर्जा यांत लक्षणीय फरक नव्हता. पण शेकडा १९ पदार्थांत जाहीर केल्यापेक्षा १०० किंवा जास्त किलोकॅलरी निघाल्या. दोन्ही वाक्यं एकाच अभ्यासातली आहेत. पहिलं छापलं तर "लेबलं विश्वासार्ह", दुसरं छापलं तर "लेबलं फसवी". बातमी वाचताना यांतलं कोणतं वाक्य उचललंय ते बघत जा. आपण सरासरी खात नाही, समोरचं एक ताट खातो.

पाकीटबंद खाऊंवर २०१३ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात २४ लोकप्रिय पदार्थ तपासले. ऊर्जा लेबलपेक्षा मध्यक ४.३ टक्क्यांनी जास्त, आणि त्याचं मुख्य कारण कर्बोदकं. वजाबाकीचा तोच खण आठवला ना?

प्रयोगशाळेने सांगितलं म्हणजे झालं?

इथपर्यंत वाचून वाटेल, मग प्रयोगशाळेत पाठवा की. यावर महाराष्ट्रातच एक मोठं प्रकरण घडलंय. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीतून घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यावरून वाद सुरू झाला. दोन मुद्दे होते. एक शिशाचा. दुसरा, पाकिटावर 'एमएसजी घातलेलं नाही' असं लिहूनही चाचणीत ते सापडल्याचा. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने उत्पादन बाजारातून मागे घ्यायला सांगितलं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ ला न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर आदेश उभा होता, त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त आणि अधिसूचित नव्हत्या, आणि कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती, ही त्यामागची मोठी कारणं. मग मोहाली, जयपूर आणि हैदराबाद इथल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि शिसं मर्यादेत निघालं.

या प्रकरणात कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. संशोधक म्हणून त्यातून दोन गोष्टी उचला.

पहिली: अहवालातल्या आकड्याइतकंच तो कुणी, कोणत्या पद्धतीने, कोणत्या मान्यतेखाली काढला याला महत्त्व आहे. एनएबीएलची मान्यता ही प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक पदार्थातल्या ठरावीक चाचणीला, ठरावीक पद्धतीने, मिळते. नमुना पाठवण्याआधी मान्यतेची व्याप्ती मागून घ्या.

दुसरी, जास्त खोल: 'घातलेलं नाही' हा दावा नुसत्या चाचणीने तपासता येत नाही. ग्लुटामेट टोमॅटोत, कांद्यात, गव्हाच्या प्रथिनात मुळातच असतं. यंत्राला ग्लुटामेट दिसतं, ते कुणी टाकलं ते दिसत नाही. 'वरून घातलेल्या साखरे'चंही तसंच. दाण्यातलं सुक्रोज आणि गुळातलं सुक्रोज यंत्रासाठी एकच. ते कळायला कारखान्यातली नोंदवही लागते. काही प्रश्नांची उत्तरं परीक्षानळीत नसतात, वहीत असतात.

तुम्ही अभ्यास करायचा ठरवलात तर

समजा तुम्ही विषय घेतलात: खोपोली-खालापूर-कर्जत पट्ट्यात विकल्या जाणाऱ्या चिक्कीची लेबलं किती अचूक? चांगला विषय आहे, इथे माल भरपूर. पण आधी चार गोष्टी पक्क्या करा.

एका दुकानातून एकाच घाण्याची तीन पाकिटं घेतलीत, तर तुमच्याकडे तीन नमुने नाहीत. एकच नमुना तीनदा आहे. त्या तीन पाकिटांतला फरक तुमच्या हाताची सुसंगती सांगेल. उत्पादनातला चढउतार कळायला वेगवेगळ्या तारखांचे, वेगवेगळ्या बॅचचे नमुने लागतात. पैसे वाचवायला सगळी पाकिटं एकत्र दळून एकच चाचणी केलीत तर सरासरी मिळेल, चढउतार कायमचा जाईल. आणि चढउतारच तर शोधायचा होता!

ऋतू नोंदवा. आपल्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो. चिक्कीतलं पाणी शेकडा ३ वरून ६ वर गेलं, तर बाकी काहीही न बदलता ४९३ ची ऊर्जा १०० ग्रॅममागे ४७८ होते. म्हणून ओलावा मोजल्याशिवाय मे महिन्याची आणि ऑगस्टची तुलना करू नका.

अचूकता आणि सुसंगती यांत गल्लत नको. पाच वेळा मोजून पाचही वेळा १५.१ आलं, म्हणून ते खरं होत नाही. काटा चुकीचा लावलेला असेल तर तो दर वेळी तितकंच चुकीचं सांगेल. यावर उपाय म्हणजे प्रमाणित संदर्भ-पदार्थ: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना आपल्या नमुन्यांबरोबर चालवायचा.

आणि वाढपाचा आकार बघा. २०० ग्रॅमच्या पाकिटावर 'एक वाढप २० ग्रॅम' लिहिलं की साखर ६.८ ग्रॅम, दिवसाच्या ५० ग्रॅमच्या सुमारे शेकडा १४, एवढीच दिसते. गणित बरोबर आहे. पण गाडीत बसून चिक्की २० ग्रॅमवर थांबवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आकडा खरा असणं आणि आकड्यावरून खरं समजणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दोन्हींचा अभ्यास होऊ शकतो, पण एकाच प्रश्नावलीत कोंबू नका.

मग मी काय केलं

माझी पहिली कल्पना होती, चिक्की प्रयोगशाळेत पाठवायची. मार्गदर्शकांशी बोलले. त्यांनी एकच विचारलं, "कोणता घाणा पाठवणार आहेस?" मी गप्प. प्रत्येक घाणा वेगळा असेल, तर एका घाण्याचा कितीही अचूक अहवाल पुढच्या घाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

मग आम्ही उलट्या बाजूने गेलो. गटाने एक डिजिटल काटा घेतला. दाणे भाजून, सोलून झाल्यावर वजन. गूळ किसून वजन. पाक झाल्यावर वरून गूळ टाकायचा नाही, टाकला तर वहीत लिहायचा. तयार चिक्कीचं वजन, तारीख, घाण्याचा क्रमांक. पहिल्या आठवड्यात काकू वैतागल्या. "तीस वर्षं अंदाजाने करतेय, कधी बिघडली का?" बिघडली नव्हतीच. चवीला अंदाज पुरतो. लेबलला पुरत नाही, एवढंच.

नव्या पुस्तकाच्या आकड्यांनी तक्ता परत काढला, दशांश काढून टाकले, आणि वेगवेगळ्या दिवशीचे घाणे बाजूला ठेवून तपासणीला पाठवायची तयारी केली. जुनी छापील लेबलं शिल्लक होती, ती वापरायची नाहीत असं ठरलं. त्याचा खर्च गटाला सोसावा लागला, आणि तो माझ्या अर्ध्या तासाचा खर्च होता.

राहिले ते काका. पुढच्या वेळी आले तेव्हा मी मुद्दाम थांबले होते. त्यांना सांगितलं, "काका, जुन्या पाकिटावरचा तक्ता मीच केला होता, न मोजता. साखर त्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. किती खायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा." त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "छापलेलं होतं म्हणून मोजत होतो गं."

त्यानंतर त्यांनी एकच तुकडा घेतला आणि काकूंच्या काट्यावर ठेवला. अठरा ग्रॅम.